वाघ सात, ‘लागलं का’ एकच

माझ्याकडं एक शंभर पानी वही आहे. पुठ्ठा फाटला तेव्हा त्याला मी जुन्या नकाशाचा जाड कागद चिकटवला, म्हणून ती अजून टिकून आहे. तीत आमच्या भागातल्या पैलवानांची फडातली नावं लिहिलेली आहेत. एकूण एकशे चौदा. एकशे पंधरावं नाव पैलवानाचं नाही. ते कुणाचं, हे सांगण्यासाठीच हे सगळं लिहितो आहे.

ही नावं त्यांच्या आईबापांनी ठेवलेली नव्हेत. तसली नावं मी वहीत घेतलीच नाहीत आणि इथंही देणार नाही. एक तर ती कुणाला माहीत नसत. एकदा एका पैलवानाच्या घरी निरोप द्यायला गेलो आणि त्याचं पाळण्यातलं नाव घेतलं, तर त्याची सख्खी चुलती म्हणाली, “असं कुणी न्हाय हितं.”

मी त्या वेळी मोजणी खात्यात नोकरीला होतो. साखळी, झेंड्या आणि फळी घेऊन वावरं मोजायची, बांधाची भांडणं ऐकायची आणि संध्याकाळी सायकलवर घरी यायचं. आमचं गाव मुरुमच्या बाजारपेठेपासून सहा मैलांवर. गावात मनगटी घड्याळं दोन होती. एक माझं आणि दुसरं बंद. एवढ्या पात्रतेवर जत्रेच्या कुस्त्यांत मला मातीच्या हौदाच्या कडेला खुर्ची मिळाली. वेळ बघायची, जोड्यांची यादी वाचायची, नावं वहीत घ्यायची आणि दोन पंचांचं जमलं नाही तर तिसरं मत द्यायचं. हे काम मी नऊ जत्रा केलं.

नावाबद्दल आमच्याकडं एक रीत होती आणि ती फार कडक होती. पैलवानाला स्वतःचं फडातलं नाव स्वतः घेता येत नसे. त्याच्या गावालाही देता येत नसे. ते परक्या गावानं द्यायचं. समोरच्या गड्याच्या गावातली माणसं जे नाव ओरडतील, ते त्यांच्या वस्तादानं मान हलवून कबूल करायचं, हलगीवाल्यानं तीन ठोके द्यायचे आणि मी लिहायचं. लिहिलेलं नाव उतरवायचं असेल तर तेही त्याच गावानं, दुसऱ्या कुस्तीच्या वेळी, तसंच ओरडून. मधला मार्ग नव्हता.

वाचणाऱ्याला वाटेल, परकं गाव चांगलं नाव कशाला देईल? मलाही तसंच वाटायचं. पण वहीत सात वाघ आहेत. आमच्या भागात मी बांधाबांधानं फिरलेला माणूस. मला तरस दिसलं, कोल्हे दिसले, वाघ एकही नाही. मग हे सात कुठून आले? तर आपला गडी पडला की गाव घरी जाऊन काय सांगणार? अमक्या वस्तीवरच्या कुणब्यानं पाडला, हे सांगायला जड जातं. वाघानं पाडला म्हटलं की झालं. म्हणजे वाघ हे नाव जिंकणाऱ्याच्या ताकदीवर नव्हे, हरणाऱ्या गावाच्या लाजेवर ठरत असे. त्या सातही वाघांना मी कधी ना कधी पडताना पाहिलेलं आहे. एक वाघ तर चाळीस सेकंदांत पडला.

वाघ सोडून बाकीची नावं मात्र खरी होती. एकजण होता ‘गिरदावर’. निजामाच्या वेळचा महसुलाचा गिरदावर जसा वावराभोवती चक्कर मारून, कशालाही हात न लावता परत जायचा, तसा हा समोरच्याभोवती फिरायचा. एकदा मी मोजलं; पहिला हात घालण्याआधी त्यानं सत्तावीस चकरा मारल्या होत्या. तोवर समोरचा गडी गरगरून खाली बसायच्या बेतात आला होता. दुसरा ‘येडशीची गाडी’. त्या आगगाडीसारखा सुरू व्हायला वेळ, मधे कुठंही थांबायचा, पण पोचायचा नक्की. तेरखेड्याच्या बाजूचा, फटाक्यांचं दारूकाम करणाऱ्या घरातला एक ठेंगू गडी होता. पहिल्या वर्षी त्याचं नाव ‘सुतळी’ पडलं, कारण तो धडाक्यात उडायचा. पुढच्या वर्षी सलामी झाली आणि तो जागचा हललाच नाही. त्याच दिवशी त्याचं नाव ‘भिजका बार’ झालं आणि तेच राहिलं. आमच्याच गावच्या वस्तादांचा पुतण्या ‘शिरखुर्मा’, कारण तो रमजानभर आखाड्यात नसायचा आणि ईद झाली की सगळ्यांना गोड बोलून पाडायचा. ‘पाव्हणा’ म्हणून एक होता, तो जाईल त्या गावात हरून, जेवून यायचा.

‘अडीच मणी’चं जरा सांगतो. किलो नवीन आले होते त्या वर्षी मला वाटलं, यादी सरकारी मापात असावी. मी फळ्यावर ‘त्र्याण्णव किलो’ असं लिहिलं. तो गडी फळ्यासमोर उभा राहून रडकुंडीला आला. म्हणाला, “मास्तर, म्या काय केलं वो? मणाचा किलो केला, निम्मा बी ठेवला न्हाय तुमी.” मी मास्तर नव्हतो आणि गणितात चूकही नव्हती. पण त्र्याण्णव किलोला कुणी भीत नाही, हे खरं. मी फळा पुसला.

आणि ‘चवाळं’. हा माकणी गावचा. धान्यावर झाकायचं गोणपाटाचं चवाळं जसं सगळीकडून पसरतं, तसा हा समोरच्यावर पसरायचा आणि उठायचा नाही. त्याला डाव म्हणून एवढाच यायचा. त्यानं आमच्या घरचं काय केलं ते आता येतं.

माझा धाकटा भाऊ पैलवान होता. अंगानं माझ्या दीडपट. कुस्तीत त्याला सगळं येत होतं आणि स्वभावात एक खोड होती. त्याला दुसऱ्याचं दुखणं बघवत नसे. बैलाला वेसण घालताना तो बैलाला विचारायचा, “लागलं का रं?” आईच्या हातून पाटीवरचा तांब्या त्याच्याच पायावर पडला तर तो आईला विचारायचा, “तुला लागलं का?” आखाड्यात वस्ताद त्याच्यापुढं कपाळावर हात मारून घ्यायचे. वस्ताद सत्तरीचे, मूळ मुरुमच्या एका मुसलमान घरातले. दखनीत रागवायचे. “अरे, कुस्ती खेलने कू आया की बीमारपुर्सी कू?” म्हणजे आजाऱ्याची विचारपूस करायला.

त्याची पहिली मोठी कुस्ती माकणीच्या जत्रेत लागली, चवाळ्याशी. मी घड्याळ घेऊन तिथंही होतो. दुसऱ्या मिनिटाला भावानं चवाळ्याला खांद्यावर घेतलं आणि असा टाकला की हौदाच्या कडेला बसलेल्या माणसांच्या तोंडात माती गेली. चवाळं कुशीवर पडलं आणि त्याच्या तोंडून “हँ” असा आवाज निघाला. आता फक्त वळवायचं आणि छातीवर बसायचं होतं. आमच्या गावानं फेटे काढून हातात घेतले होते. भाऊ वाकला आणि त्यानं विचारलं,

“लागलं का?”

चवाळं खालून म्हणालं, “न्हाय की.” आणि त्यानं भावाचा पाय धरून त्याला खाली ओढलं आणि वर पसरलं. एकूण वेळ दोन मिनिटं पन्नास सेकंद. भाऊ चीतपट.

माकणीकरांना नाव शोधावं लागलं नाही. “लागलं का! लागलं का!” असा सगळा फड ओरडू लागला. हलगीवर तीन ठोके पडले. आमच्या वस्तादांनी पंचा तोंडावर घेतला. मी वही उघडली आणि सत्त्याण्णव क्रमांकावर लिहिलं: लागलं का.

पुढचे आठ महिने त्याला बाहेर जाणं अवघड झालं. मुरुमच्या बाजारात माणसं त्याच्यासमोर मुद्दाम अडखळायची आणि त्याच्याकडं बघायची. शेंगा विकणारी बाई ताजव्यात माप टाकताना मापाला विचारायची, “लागलं का गं बाई?” भाऊ मान खाली घालून शेंगा घ्यायचा. एकदा मात्र त्या बाईचं बोट खरंच मापाखाली आलं आणि हा पटकन विचारून गेला. सगळा बाजार हसला.

हे सगळं सोसण्यासारखं होतं. पण त्याच सुमारास त्याच्या लग्नाचं ठरत होतं. स्थळ मुरुमच्या पलीकडचं, शेतीवाडीचं घर. आमचे वडील नव्हते, तेव्हा बोलणी माझ्याशी आणि आईशी. मुलीचे वडील दोनदा येऊन गेले. मुलगी बघून झाली, भावाला पसंत होती. किती पसंत होती हे तो त्या दिवसापासून दिवसातून दोनदा आंघोळ करू लागला त्यावरून मी धरलं. तिसऱ्या खेपेला मुलीचे वडील चहा पिऊन रिकामा कप बशीत फिरवत बसले.

“पाव्हणं, काय आडतंय?” मी विचारलं.

“आडत काय न्हाय. पोरगं सोन्यावानी हाय. पर नावाचं काय करावं?”

“कुठल्या नावाचं?”

“आता मलाच बोलाया लावता व्हय? भावकीत पत्रिका वाटायची म्हणलं तर भावकी म्हणती, जावई कोन, तर लागलं का. काल आमच्या घरातला गडी औत टाकून हसत बसला. तुमच्या जत्रंत माकणीचं येणारच हायत. तेवढं नाव उतरवून घ्या. मग सुपारी फोडू.”

म्हणजे भावानं आमच्या जत्रेत चवाळ्याला पाडायचं, आणि पडल्यावर माकणीकर लाजेनं त्याला वाघ म्हणतील, असा हिशेब होता. आठवा वाघ. मला तो हिशेब बरोबर वाटला. अडचण एकच होती. भावानं मधे विचारता कामा नये.

वस्तादांनी उपाय काढला. “मूं में पानी लेके खेल. पूछेगा तो पानी जाएगा.” तोंडात पाण्याचा घोट धरायचा आणि तसंच खेळायचं. पहिल्या दिवशी सरावात भावानं चौदा वेळा घोट गिळला आणि चौदा वेळा विचारलं. मी आंब्याखाली बसून खडूनं रेघा मारत होतो. दहाव्या दिवशी रेघा पाचावर आल्या. विसाव्या दिवशी तो एकोणीस मिनिटं तोंड मिटून खेळला. फक्त शिरखुर्मा पाठीवर आपटला तेव्हा त्याच्या दोन्ही गालांची थरथर झाली. वस्तादांनी त्याला खारीक दिली. आई म्हणाली, “पोराला मुकं करून लगीन लावताव का काय?”

आमची जत्रा चैत्रात असते. सकाळी देवाचं झालं, दुपारी रेवड्यांच्या बक्षिसावरच्या लहानसहान कुस्त्या झाल्या, गिरदावर फिरून फिरून बरोबरीत सुटला आणि साडेचारला शेवटची जोड लागली. मुलीचे वडील समोरच्या बाजूला, माकणीकरांच्या शेजारीच बसले होते. मी यादी वाचली. “माकणीचा चवाळं. आपल्या गावचा लागलं का.” फड इतका हसला की हलगीवाल्याला पुन्हा सुरुवात करावी लागली.

भाऊ गाल फुगवून हौदात उतरला. माकणीच्या पंचानं लगेच हात वर केला.

“ह्येच्या तोंडात काय हाय?”

“पाणी,” मी सांगितलं.

“पानी कशापायी?”

“नियमात तोंडात पाणी नसावं असं कुठं नाही.”

“नियमात तोंडात म्हस नसावी असं बी न्हाय,” तो म्हणाला, पण त्यानं हात खाली घेतला.

कुस्ती सुरू झाली. भाऊ त्या दिवशी जसा खेळला तसा मी त्याला आधी किंवा नंतर पाहिलं नाही. चवाळं तीनदा पसरायला आलं, तीनदा त्यानं ते झटकून टाकलं. माकणीकर एका सुरात “लागलं का? लागलं का?” करत होते, पण त्याचे ओठ मिटलेले. सातव्या मिनिटाला त्यानं हाताचा पेच घालून चवाळ्याला खाली घेतलं. आठव्याला तो वर होता. चवाळ्याचा डावा खांदा मातीला लागला. उजवा वर होता आणि त्याच बाजूचा हात भावाच्या पेचात पिळत चालला होता. आमचं गाव उभं राहिलं. नवव्या मिनिटाला उजवा खांदा खाली जाऊ लागला.

चवाळ्याचा चेहरा मला माझ्या खुर्चीवरून दिसत होता. तो काळानिळा झाला होता. आणि मग त्यानं सगळ्या फडाला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं,

“आरं, आज इचारत का न्हाईस? लागलंय मला!”

भावाच्या तोंडातलं पाणी चवाळ्याच्या तोंडावर गेलं. सगळं. आणि पाण्यापाठोपाठ त्यानं विचारलं,

“लागलं का?”

“व्हय म्हन्तो की!” चवाळं म्हणालं.

भावानं पेच सोडला आणि त्याला बसतं केलं. पण सोडण्याआधी चवाळ्याचा उजवा खांदा मातीपर्यंत गेला होता की नाही, हा प्रश्न उरला. आमच्या गावचे पंच म्हणाले, गेला, चीतपट. माकणीचे पंच म्हणाले, गेला नाही. हरलो असं चवाळ्यानं कबूल केलं म्हणावं, तर आमच्यात हार मानायची तर मातीवर दोनदा थाप मारावी लागे. बोलण्याला किंमत नव्हती. दोघा पंचांनी माझ्याकडं बघितलं. मग वस्तादांनी बघितलं, मुलीच्या वडिलांनी बघितलं आणि शेवटी भावानं बघितलं.

मी जे पाहिलं ते असं. चवाळं ओरडलं त्याच्या आधीच मी खुर्चीवरून उतरून हौदाच्या कडेला पोटावर आडवा झालो होतो, कारण बांध सरळ आहे की नाही हे बघायची मला तीच सवय आहे. खांदा आणि माती यांच्यात चार बोटं अंतर होतं. ती चार बोटं माझ्या भावाचीच होती. पेच एका हातानं धरून दुसऱ्या हाताचा पंजा त्यानं चवाळ्याच्या खांद्याखाली घातला होता. त्यानं तोंड बंद ठेवलं होतं, पण हाताला पाणी धरायला कुणी सांगितलं नव्हतं.

मी उठलो, कपडे झटकले आणि सांगितलं, “पाठ टेकली नाही. बरोबरी.”

हलगी थांबली. मग आमच्या गावातून कुणीतरी ओरडलं, “ह्यो सख्खा भाऊ हाय का सावत्र?”

आमच्या गावानं दिलेलं नाव रीतीत बसत नव्हतं. पण माकणीकरांनी ते उचललं. “सावत्र! सावत्र पंच!” त्यांच्या वस्तादांनी मान हलवली, मला तर वाटतं जरा जास्तच हलवली. हलगीवर तीन ठोके पडले. पंचाला नाव देता येतं का, हे मी मनाशी तपासून पाहिलं. येत नाही असं कुठं ठरलेलं नव्हतं. शंभर-दीडशे माणसं माझ्या हाताकडं बघत होती. मी वही उघडली आणि एकशे पंधरा क्रमांकावर लिहिलं: सावत्र.

भावाचं नाव उतरलं नाही. मुलीचे वडील उठून गेले.

त्यानंतर नऊ दिवस भाऊ माझ्याशी बोलला नाही. तो तोंडात पाणी नसतानाही गप्प राहू शकतो हे तेव्हा कळलं. दिवसातून दोनदाची आंघोळ एकदावर आली. आईचा राग निराळा होता. तिचं म्हणणं, सावत्र म्हणजे त्यात तिची बदनामी. “मी जित्ती असताना माझ्या पोराला सावत्र म्हनत्यात, आन ह्यो स्वतःच्या हातानं लिव्हून घेतो!” जेवायला बसलो की भावाच्या ताटात न मागता भाकरी पडायची आणि मला ती विचारायची, “पाव्हणं, तुमाला काय वाढू?”

मी रोज रात्री स्वतःला विचारत होतो, चार बोटांनी काय मोठं झालं असतं. पण प्रत्येक वेळी डोळ्यांसमोर ती चार बोटं दिसायची आणि ती कमी होत नव्हती.

दहाव्या दिवशी सकाळी मुलीचे वडील आले. ओसरीवर बसले, पाणी घेतलं. भाऊ गोठ्यात होता, तो तिथंच थांबला.

“येता येता माकणीवरून आलो,” ते म्हणाले. “चवाळ्याला भेटलो. खांदा शेकत बसलाय. तुमच्या धाकट्याचा हात मधी नसता तर महिना दोन महिने उठलो नसतो, असं तोच म्हनला. म्हंजी तुमी खरं बोललाव.”

“खरंच बोललो.”

“ते ठीक. पर मला येगळंच इचारायचंय. भावाभावांत वाकडं हाय का? वाटनीचं काय? लोक सावत्र म्हनत्यात. फूट असलेल्या घरात मी पोरगी देनार न्हाय, आधीच सांगतो.”

आई आतून बाहेर आली. “दोघं ह्याच पोटचं हायत. मोठा असाच हाय. ल्हानपनी खोडी केली तर सांगायला स्वतःच यायचा, आन किती येळा केली ते बी सांगायचा.”

“मग धाकटं बोलत का न्हाय? मी आल्यापास्नं बघतोय, एकमेकाकडं बघत बी न्हाईत.”

गोठ्याच्या दारातून भाऊ म्हणाला, “दादा खरं बोलले. हात माझाच होता.”

“मग राग कशाचा?”

“खरं हाय म्हनून राग येऊ नये व्हय?”

मुलीचे वडील हसले. पहिल्यांदा थोडं आणि मग बराच वेळ. आईनं तेवढ्यात मला न विचारता चहा दिला, त्यावरून घरातलं प्रकरण मिटल्याचं मी धरलं.

“पण पाव्हणं,” मी म्हणालो, कारण गोष्ट अर्धी सोडणं मला जमत नाही, “नाव उतरलेलं नाही. माकणीची पुन्हा कुस्ती पुढच्या चैत्रात. तोवर तो लागलं का-च आहे.”

आईनं माझ्याकडं असं बघितलं की चहा परत घेते की काय.

“ते बी घरी बोलनं झालं,” ते म्हणाले. “मी कुस्ती सांगत हुतो. पानी कसं उडालं, हात कसा मधी घातला. पोरगी आतनं म्हनली, नाव ऱ्हाऊ द्या की आबा. मुरुमच्या बाजारात वाघ बघून बघून मला कट्टाळा आलाय, एका येळी चार चार फिरत्यात.” त्यांनी गोठ्याकडं बघितलं. “आन खरं सांगू का? ती लई तिखट हाय. तिच्याफुडं इचारनाराच टिकंल.”

सुपारी त्याच दिवशी फुटली. पत्रिका मुरुमला छापून आणल्या. त्यांवर भावाचं पाळण्यातलं नाव होतं, आणि त्याचा परिणाम असा झाला की पहिल्या दोन गावांत लग्न कुणाचं हेच कुणाला कळेना. उरलेल्या पत्रिकांवर मी शाईनं, कंसात, फडातलं नाव लिहिलं. एकशे साठ पत्रिका. लग्नाला चवाळं आलं, हात गळ्यात बांधून. पंगतीत तो भावाच्या शेजारी बसला आणि पसरला.

आता एक गोष्ट राहिली. त्या काळी आमच्याकडं बाई नवऱ्याचं नाव घेत नसे. काही झालं तरी नाही. शेताच्या टोकाला असलेल्या नवऱ्याला हाक मारायची तर “अहो” म्हणायचं, आणि “अहो” म्हटलं की निम्मं शिवार वळून बघायचं. नाव फक्त उखाण्यात. लग्नाच्या दिवशी बायकांनी नवरीला दारात अडवलं. नाव घे, नाव घे. ती जरा लाजली असं लोक म्हणतात; मी जवळच होतो, मला तसं दिसलं नाही. तिनं खणखणीत आवाजात म्हटलं,

“मुरुमच्या बाजारात शेंगा झाल्या महाग,
लागलं का-रावांना कधी येत न्हाय राग.”

बायका आधी हसल्या आणि मग भांडल्या. हे नाव नव्हेच, पुन्हा घे. दुसरी म्हणाली, आख्ख्या जिल्ह्यात त्याला दुसरं नावच न्हाय. शेवटी आईला विचारलं. आईनं निवाडा दिला तो असा: हे नाव घेतलं तर उखाणा झाला, आणि हे आईबापानं ठेवलेलं नाव नव्हे, म्हणून सुनेला ते कधीही घेता येईल. माझ्या पाहण्यातला हा तिचा पहिला निकाल, की ज्यात दोन्ही बाजू जिंकल्या. मी असतो तर बरोबरी दिली असती.

पुढच्या चैत्रात माकणीकर नाव उतरवायला तयार होते. चवाळ्यानंच तसं सुचवलं होतं. भाऊ नको म्हणाला. माझं नाव उतरवण्याबद्दल मीही विचारून पाहिलं, दोन जत्रा. माकणीच्या वस्तादांनी दोन्ही वेळा मान हलवली, आडवी.

भावाचं नाव तसंच राहिल्यामुळं आमच्या गावात नवऱ्याला नावानं हाक मारणारी बाई एकच झाली. दुपारी भाकरी झाल्या की ती दारात उभी राहून वावराच्या दिशेनं ओरडायची, “लागलं काऽऽ! भाकरी निवायल्यात!” आणि भाऊ येण्याआधी गल्लीतल्या घराघरांतून उत्तर यायचं, “न्हाय कीऽऽ!” मी मोजलं आहे. सुट्टीच्या दिवशी सात घरांतून यायचं, बाजारच्या दिवशी तीन.